मंडपाची लेन्स

“खोटं बोलताय तुम्ही,” हृषीकेश म्हणाला, आणि बांधकाम खात्याच्या साहेबांनी बाजूला सारलेला मोबाइल उचलून त्यानं पुन्हा त्यांच्या तोंडासमोर धरला.

तो हे हिंदीत म्हणाला होता. झाशीत घराबाहेर भांडायचं ते हिंदीतच. मराठी भांडणं नात्यातल्या माणसांसाठी राखून ठेवलेली. त्यामुळे दाराशी उभ्या शिपायाला, शेजारच्या टेबलावरच्या बाबूला, चहाचे पेले गोळा करणाऱ्या बाईला, सगळ्यांना ते नीट कळलं. साहेबांच्या पायाशी लावलेला हीटर तेवढा घुरघुरत राहिला.

साहेब रागावले नाहीत. रागवायची गरज असलेल्या खुर्चीत ते बसलेलेच नव्हते.

“भैया, आप फोटोग्राफर हो ना?”

“हो.”

“शादी वगैरा?”

“शादी वगैरा.”

“मग पुलांचं आम्हाला बघू द्या की. आम्ही कधी येतो का तुमच्या नवरीला कुठं उभं करायचं ते सांगायला?”

बाबू हसला. हृषीकेश हसला नाही. मोबाइलवरचा फोटो त्यानं मोठा केला, आणि मोठा केल्यावर तो अजूनच वाईट दिसायला लागला. हिरवट काळं काहीतरी, मधून एक जाड रेघ. एरच गावाच्या वरच्या अंगाला डुमरईजवळ बेतवेवर एक बुटका पूल आहे. तिकडे त्याला रपटा म्हणतात. त्याच्या तिसऱ्या पिलरशी अडकलेलं जाळं सोडवताना हरप्रसाद रायकवार या नावाड्याची बोटं पाण्याखाली दगडाच्या फटीत पार तळव्यापर्यंत आत गेली. त्यानं मोबाइल पॉलिथिनमध्ये गुंडाळून पाण्यात घातला आणि हा फोटो काढला. हरप्रसाद हृषीकेशला ओळखत होता, कारण हृषीकेशची बायको शकुंतला रोज त्याच रपट्यावरून पलीकडच्या शाळेत शिकवायला जायची. व्हॅनमधून ती आणि तिच्यासारख्या चारपाच बायका, मागेपुढे अलीकडच्या वस्तीतल्या पायी जाणाऱ्या मुली, आणि त्या सगळ्यांच्या अंगावर धूळ उडवत मौरंगचे ट्रक. नदीची जाडी रेती भरून, बाजूच्या फळ्यांच्या वर ढीग करून, दिवसभर.

“पाण्याखाली आमचं कुणी उतरलेलं नाही,” साहेब सांगत होते, “कारण उतरायची गरज पडलेली नाही. वरून तपासलंय. सब ठीक है. आता तुम्ही म्हणता तडा आहे. असेल. पण हा फोटो कुठल्या पिलरचा? आमच्याच पुलाचा कशावरून? कुठल्याही विहिरीचा असू शकतो.”

“मग कसा फोटो पाहिजे तुम्हाला?”

साहेबांनी खुर्ची मागे रेलली. जेवायला काय आणू असं विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“पिलरवर आपला नंबर रंगवलेला आहे. नंबर दिसला पाहिजे. तडाही दिसला पाहिजे. एकाच फोटोत. सोमवारी मी फाइल वर पाठवतो, मग माझ्या हातात काही नाही.”

त्यांच्या हातात तसं आजही काही नव्हतं. होता तो नकार, आणि तो त्यांनी नीट घडी घालून हृषीकेशच्या हातात ठेवला होता.

नगरा मोहल्ल्यातल्या घरी जेवणाच्या टेबलावर हृषीकेशनं जुना पंचा अंथरला आणि त्यावर दोन लेन्स ठेवल्या. शेजारी कॅमेऱ्याचं पाण्यात न्यायचं खोकं. पलीकडे शकुंतला मटार सोलत होती. दाणे भांड्यात पडत होते आणि एखादा उडून लेन्सपाशी यायचा. तो हृषीकेश चिमटीत उचलून परत भांड्यात टाकायचा.

हे खोकं त्याच्याकडे कसं आलं ते अख्ख्या नगऱ्याला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी झाशीतल्या नवरानवरींना लग्नाआधी पाण्यात बुडून फोटो काढून घ्यायची हौस सुटली. मॅरेज गार्डनच्या निळ्या फरशांच्या तलावात नवरी घागऱ्यासकट उतरायची, नवरा सूटबूट घालून, आणि हृषीकेश खाली श्वास कोंडून बसायचा. वर आल्यावर नवरीचं काजळ हनुवटीपर्यंत आलेलं. गल्लीतले राजाभाऊ दिसेल तेव्हा विचारायचे, “काय हो, आज कुणाला बुडवलंत? थोडी कळ काढा, लग्नानंतर बुडतातच की आपले आपण.” त्यासाठी ग्वाल्हेरच्या एकाकडून हे खोकं त्यानं जुनं विकत घेतलं. पाण्याखालचं बाकी सगळं तो बघून, बिघडवून, पुन्हा करून शिकला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं.

लेन्सना त्यानं आपली नावं दिली होती. रुंद होती ती मंडपाची. तिच्यात वऱ्हाड, अंतरपाट, वरचं झुंबर, खुर्चीत झोपलेले काका, सगळं एकदम मावतं. लांबट होती ती अंगठ्यांची. तिच्यात फक्त बोट येतं, पण बोटावरचं लव न् लव दिसतं. मंडपाच्या लेन्सला खोक्यावर पुढे घुमटासारखी फुगीर काच लावायची, अंगठ्यांच्या लेन्सला सपाट. लेन्स बदलली की काच बदलायची, रबराची कडी पुसायची, तिला ग्रीस लावायचं, आणि एक केस जरी कडीखाली राहिला तर पाणी आत आणि कॅमेरा गेला.

“अंगठ्यांची नेली,” तो बोलत होता, शकुंतलेशी की पंचाशी ते कळत नव्हतं, “तर तडा असा येईल की आतली खडी मोजून घ्या. पण नंबर नाही येणार. तो म्हणेल विहिरीतला फोटो.”

“मग दुसरी न्या.”

“दुसरीत नंबर येतो. अर्धी पाण्याबाहेर धरली की वरचा नंबर आणि खालचा पिलर दोन्ही एका फोटोत येतं, तलावात केलंय मी ते. पण तलावाचं पाणी म्हणजे गाळलेलं. इथं तडा दोन पुरुष खाली. मध्ये सगळा गाळ. तो म्हणेल यात काय दिसतंय, शेवाळ?”

त्यांची मुलगी स्वरदा कॉलेजातून आली होती. हात न धुता तिनं मटारचे दाणे तोंडात टाकले. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते हिंदीच.

“पापा, दोनों ले जाओ ना. एक के बाद दूसरा.”

“नदीवर खोकं उघडायचं? नावेत? चारी बाजूंनी रेती उडतेय. आणि वेळ कुठाय. रेती उपसायची मशिनं वरच्या अंगाला रात्रंदिवस चालतात, रविवारी सकाळी तेवढी थांबतात. तेवढ्यात पाणी जे बसेल ते बसेल. एकदा सुरू झाली की नदीचा चहा.”

“तो फिर यूट्यूब पे देखो.”

यूट्यूबवर त्यानं पाहिलं होतं. एक जण म्हणत होता गढूळ पाण्यात रुंद लेन्सच घ्या आणि विषयाला जवळजवळ चिकटा, मध्ये पाणी कमी तेवढा गाळ कमी. दुसरा म्हणत होता गढूळ पाण्यात रुंद लेन्स नेणारा गाढव, लहान वस्तू शोधा. दोघांच्याही मागे निळा समुद्र होता आणि पिवळे मासे. शेवटी त्यानं गोव्यात डायव्हिंगचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला होता. त्यानं विचारलं, तुमच्या नदीत दिसतं किती? हृषीकेश म्हणाला, हात लांब केला तर आपली बोटं दिसत नाहीत. मग तो माणूस म्हणाला, “अरे मग फोटो कशाला काढतोयस?”

शकुंतलेनं रिकाम्या शेंगांचा ढीग सुपात लोटला.

“तेच मी विचारणार होते,” ती म्हणाली.

“काय?”

“कशाला काढताय.”

हृषीकेशनं लेन्स खाली ठेवली. “तू रोज जातेस त्यावरून.”

“जाते. डोळे मिटून, रामरक्षा म्हणत जाते. पण जाते.” तिनं पुढची शेंग हातात घेतली आणि सोललीच नाही. “अहो, समजा तुमचा फोटो आला. नंबर आला, तडा आला. साहेबांनी मानलं. मग काय करतील ते? नवा पूल बांधतील? दोन्ही टोकांना दगड लावतील आणि पाटी ठोकतील, रास्ता बंद है. बंद केलेला पूल या लोकांनी कधी उघडलेला तुम्ही पाहिलाय?”

“ट्रक तर थांबतील.”

“ट्रक दुसऱ्या वाटेनं जातील, त्यांना डिझेल आहे. माझ्या वस्तीवरच्या मुली कुठून जातील? आत्ता त्या पायी येतात म्हणून त्यांचे बाप पाठवतात. वळसा पडला की घरी बसतील. एक पावसाळा घरी बसल्या की लग्नं होतील.” तिनं शेंग मोडली. “तुम्हीच जाल फोटो काढायला.”

स्वरदानं मोबाइलमधून डोकं वर काढलं, आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि उठून हात धुवायला गेली.

तडा खरा होता. शकुंतला म्हणत होती तेही खरं होतं. दोन्ही एका वेळी खरं असेल तर माणसानं कुणीकडे तोंड करून उभं राहायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि ज्यांना ते कळायला हवं, ज्यांना त्याचाच पगार मिळतो, ते हीटरपाशी पाय शेकत बसले होते. त्यांनी गोंधळ आपल्या टेबलावरून उचलून याच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला होता. त्यानं अंगठ्यांची लेन्स उचलली, फुंकर मारली. ठेवली. मंडपाची उचलली.

“पंचा ओला होतोय,” शकुंतला म्हणाली. “दाण्यांचं पाणी आलंय त्याच्यावर.”

रविवारी सकाळी नदीवर धुकं इतकं दाट होतं की रपटा मध्येच तुटल्यासारखा दिसत होता. हरप्रसाद काठावर बिडी ओढत उकिडवा बसला होता.

“काय भैया, आज दुलहन नईं ल्याए?”

“दुलहन तिकडे उभी आहे,” हृषीकेशनं पिलरकडे बोट दाखवलं. “तिसरी.”

“हओ. बुढ़िया है, ठंड में नहीं मुस्कुराएगी.”

मशिनं बंद होती. इतकी शांतता हृषीकेशनं इथं कधी ऐकली नव्हती. गाडीच्या मागच्या सीटवर बसून, काचा वर करून, त्यानं पंचा अंथरला. अंगठ्यांची लेन्स लावली. सपाट काच बसवली, कडी पुसली, खोकं बंद केलं, कड्या दाबल्या. मग तसाच बसून राहिला. हरप्रसादनं बाहेरून काचेवर टकटक केलं, “मशीन वाले उठ जाएँगे भैया,” आणि हृषीकेशनं सगळं पुन्हा उघडलं.

त्याचं कारण त्याला सांगता आलं नसतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ज्या लग्नाचे फोटो त्यानं काढले त्यात नवरीची आत्या गटाच्या फोटोच्या कडेला उभी होती आणि अर्धी कापली गेली होती. ती आत्या वर्षभरात वारली. त्या घरातल्यांनी त्याला पुढे कधी दारात उभं केलं नाही. तेव्हापासून सगळे आले पाहिजेत, एवढा एकच नियम त्याच्या अंगात मुरला होता. नवरीचा चेहरा थोडा कमी दिसला तरी चालेल, कडेचं माणूस सुटता कामा नये. कुठला शिकलेला माणूस असता तर त्यानं गाळ किती, अंतर किती याचा हिशेब केला असता. हृषीकेशनं मंडपाची लेन्स लावली, कारण त्याला त्याहून वेगळं काही करायची सवयच नव्हती. घुमट बसवताना त्याला पक्कं वाटत होतं की आपण चूक करतोय.

पाण्यात पाय घातला तेव्हा हाड वाजलं. हरप्रसादनं नाव पिलरला टेकवून धरली. आधी त्यानं वरचा फोटो घेतला, अर्धा घुमट पाण्यात, अर्धा बाहेर. वर पांढऱ्या रंगात तीनचा आकडा, खाली ओला दगड, आणि त्याच्याही खाली हिरवं काही नाही. मग छाती भरून तो खाली गेला.

खाली दिशा नव्हती. त्यानं एक हात पिलरवर ठेवला आणि त्या हाताच्या भरवशावर उतरत गेला. दगड बुळबुळीत होता, मग खरखरीत लागला, मग एकदम नव्हताच. बोटं आत गेली. हरप्रसाद खोटं बोलला नव्हता. फटीतून पाणी आतबाहेर करत होतं, एखाद्याच्या तोंडापाशी हात धरल्यासारखं ते त्याच्या बोटांना लागत होतं. त्यानं फ्लॅश टाकला आणि समोर सगळीकडे गाळाचे कण उजळले, बर्फ पडत असल्यासारखे. त्यानं फ्लॅशचे दोन्ही दांडे बाजूला फाकवले, जवळ सरकला. अजून जवळ. घुमट दगडाला घासला. तो आवाज दातात गेला. त्यानं बटण दाबलं, दाबलं, दाबत राहिला, कशाचा फोटो येतोय ते न बघता, आणि छाती फुटायला आली तेव्हा वर आला.

असं त्यानं पुन्हा पुन्हा केलं. शेवटच्या वेळी खाली असताना पाण्यात एक घरघर आली. कानात नाही, छातीत. वरच्या अंगाला मशिनं सुरू झाली होती. बघता बघता हिरवं होतं ते तपकिरी झालं आणि स्वतःचा हात दिसेनासा झाला.

हरप्रसादनं त्याला बखोटीला धरून नावेत ओढलं आणि अंगावर घोंगडी टाकली.

“मिलो कछू?”

“माहीत नाही,” हृषीकेश म्हणाला. दात वाजत होते, हिंदी आठवली नाही. हरप्रसादला ते न सांगताच कळलं. त्यानं वल्हं उचललं.

दुपारी घरी कॉम्प्युटरवर फोटो एकामागून एक उघडत गेले आणि हृषीकेशचा चेहरा उतरत गेला. हिरवं धुकं. हिरवं धुकं आणि त्यात पांढरे ठिपके. वरच्या फोटोत आकडा स्वच्छ, पण तडा नाही. खालच्यांत तडा कुठं कुठं आलेला, पण लेन्स इतकी रुंद की तो सुतासारखा बारीक दिसत होता. ज्याच्यात त्याची सगळी बोटं गेली होती ते फोटोत दोऱ्याएवढं. साहेब बघतील आणि म्हणतील शेवाळ. त्यानं एकदा टेबलावर मूठ आपटली. स्वरदा आतून “क्या हुआ?” म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा गप्प झाली.

एक फोटो त्यातल्या त्यात बरा होता. तडा डावीकडून तिरका वर जात होता आणि गाळ थोडा बाजूला झालेला. पण उजव्या कोपऱ्यात एक पांढरा झगझगीत डाग होता. फ्लॅशचा उजेड कशावर तरी आपटून परत आला होता. घुमटातच असेल काहीतरी, थेंब, नाहीतर आपलाच ओरखडा. लग्नाच्या फोटोत असे डाग तो रोज पुसायचा. नवरीच्या गालावरची पुटकुळी, मामांच्या चष्म्यातला हॅलोजन. हात सवयीनं चालला. त्यानं डागापाशी जाऊन फोटो मोठा केला आणि फोटोतलाच शेजारचा दगड उचलून त्याच्यावर पसरायला सुरुवात केली.

“थांबा,” शकुंतला मागून म्हणाली.

ती चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला नाही, तशीच पुढे वाकली.

“डाग आहे फ्लॅशचा,” तो म्हणाला. “पुसतो.”

“पुसू नका. जे पुसलंत ते परत आणा.”

त्यानं परत आणलं.

“अजून मोठं करा. बाजूला सरका, मला बघू द्या.”

डाग डाग राहिला नाही. लांबट, चौकोनी काहीतरी होतं. पट्टी. तडा ज्या जागी कोपऱ्यात बारीक होत गेला होता तिथं, त्याच्यावर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा थापून बसवलेली. पट्टी काचेची होती म्हणून चमकली होती. आणि मधोमध तुटलेली होती. तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले होते, त्यांच्यामधून काळं दिसत होतं.

“हे काय आहे?” हृषीकेशनं विचारलं.

शकुंतलेनं कप आता खाली ठेवला. “आमच्या चौथीच्या वर्गात आहे अशी. भिंतीला चीर गेली तेव्हा खात्याची माणसं येऊन लावून गेली. म्हणाली, मॅडम, भिंत हलली तर ही काच फुटेल. फुटली की त्याच दिवशी खोली खाली करायची, एक मिनिट थांबायचं नाही. मी रोज सकाळी हजेरीच्या आधी ती काच बघते.” ती थांबली. “आमची अजून शाबूत आहे.”

सिमेंटच्या गोळ्यावर ओलं असताना कुणीतरी खिळ्यानं ओरखडलं होतं. हृषीकेशनं उजेड वाढवला, गडद केलं, पुन्हा वाढवला. आकडे होते. गेल्या मे महिन्यातली तारीख.

मे महिन्यात तिथली नदी आटते. तळाशी शिडी लावून माणसाला निवांत बसता येतं. तेव्हा तडा केसाएवढा असेल. कुणीतरी आलं, बघितलं, घाबरलं असेलही, काच लावली, तारीख घातली आणि गेलं. मग पाणी चढलं. हृषीकेशनं हरप्रसादला फोन लावला. हरप्रसाद थोडा वेळ आठवत राहिला, मग म्हणाला, हओ, जेठात दोन माणसं आली होती खरी, सरकारी जीप होती. मला वाटलं नंबर पुन्हा रंगवतायत.

“पण यात नंबर नाहीये,” फोन ठेवून हृषीकेश म्हणाला. “काच आहे, तारीख आहे, तडा आहे. नंबर नाही. तो म्हणेल…”

“म्हणू दे,” शकुंतला म्हणाली. फोटोवरून तिची नजर हलत नव्हती. “ती काच लावल्यापासून आठ महिने मी तिथून जातेय. त्या मुली जातायत.”

चहावर साय धरली. दोघांपैकी कुणी घेतला नाही.

सोमवारी व्हॅनमध्ये इतर बाया होत्या त्याच होत्या, फक्त पुढच्या सीटवर हृषीकेश होता. एका बाईनं विचारलं, “आज भाईसाहब हमारी शादी की फोटो लेंगे क्या?” सगळ्या हसल्या. शकुंतला हसली नाही, म्हणून पुढे कुणी काही बोललं नाही.

रपट्याच्या अलीकडे तिनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. गाडी आडवी लावायला सांगितली. तो कुरकुरला, “मैडम, पीछे ट्रक आ रहे हैं.”

“येऊ दे.”

ती उतरली. वस्तीवरच्या मुली धुक्यातून चालत आल्या, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून. त्या रोजच्यासारख्या पुलावर पाऊल टाकायला निघाल्या तशी शकुंतला त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली.

“मैडमजी, आज छुट्टी है?”

“नहीं. आज स्कूल यहीं है. बैठो.”

मुली एकमेकींकडे बघत रस्त्यावरच बसल्या. त्यांना गंमत वाटत होती. बाकीच्या बाया व्हॅनपाशी घोळक्यानं उभ्या राहिल्या, जवळ यावं की नाही अशा. ज्या पुलासाठी शकुंतला परवा त्याच्याशी भांडली होती तोच पूल ती आता आपल्या अंगानं अडवून उभी होती, आणि हृषीकेशला कळत नव्हतं की आपण तिच्या शेजारी उभं राहायचं की मागे. तो शेजारी गेला.

ट्रक आले. पहिला थांबला, त्याच्या मागे दुसरा. हॉर्न सुरू झाले. पहिल्या ट्रकमधून गळ्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस उतरला, आधी आरडाओरडा केला, मग हात जोडले, मग मोबाइलवर कुणाकुणाला फोन केले. शेवटी त्यानं मोबाइल शकुंतलेपुढे धरला.

“लीजिए. साहब बात करेंगे.”

तिनं फोन घेतला. हृषीकेशला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, तोच, मऊ, न रागावणारा.

“मॅडम, आप सरकारी नौकरी में हैं. सरकारी रस्ता अडवताय. तुमच्या मिस्टरांना मी सांगितलं होतं, नंबर दिसला पाहिजे…”

“नंबर तिसरा आहे,” शकुंतला म्हणाली. “तो तुम्हाला माहीत आहे. मला एवढंच सांगा, त्या पिलरला काच कुणी लावली?”

“कैसा काँच?”

“मे महिन्यात लावलेली. तारीख घातलेली. पाण्याखाली तुमचं कुणी गेलंच नाही असं तुम्ही म्हणालात. ती फुटलीय.”

इकडे मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, तशी एक लहान मुलगी दचकून शेजारणीला चिकटली.

“हॅलो,” शकुंतला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासमोर ती जशी उभी राहायची तशी ती उभी होती. “मी फोन ठेवत नाहीये. या मुलीही उठणार नाहीत. ती फुटली की नाही ते बघायला कोण येत होतं? त्यानं कुणाला सांगितलं? आणि ज्याला सांगितलं, त्यानं आम्हाला त्यावरून कुणाच्या भरवशावर जाऊ दिलं? ऐकताय ना, साहेब? सांगा.”